थोर ग्रंथाचे दोन खंड

कातडं वाटून झालं. दाबयंत्रं दोन होती, ती एकेक गेली. पुठ्ठ्यांचे गठ्ठे, सरसाची भांडी, सोनेरी वर्खाच्या पुड्या, सगळं वाटून झालं. शिड्या मात्र तीन निघाल्या. तिसऱ्या शिडीवर एक अख्खी सकाळ गेली आणि शेवटी ती शेजाऱ्याला देऊन टाकावी यावर दोघा भावांचं एकमत झालं. वर्षभरातलं ते त्यांचं एकुलतं एक एकमत. आता वाटायच्या दोनच गोष्टी उरल्या होत्या: थोर ग्रंथ आणि ताई.

ताई दोघांहून मोठी. बांधणीच्या कारखान्यात शिवण तिची. छापलेला कागद घडी होऊन तिच्यापुढे येई. त्या एकेका घडीला जुज म्हणायचं, आणि जुजावर जुज ठेवून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवत जायचं, हे तिचं जन्माचं काम. तिची खोली कारखान्याच्या बरोब्बर मधोमध होती, दोन्ही बाजूंना नुसते फळ्यांचे आडोसे. उजवीकडचं दार मोठ्याच्या कटाईच्या दालनात उघडायचं, डावीकडचं धाकट्याच्या सोनेरी अक्षरांच्या दालनात, आणि समोरचं सरळ गल्लीत. ही खोली आज कापली जाणार होती. दिवस कलला की गवंडी दोरी घेऊन येणार होता, नव्या भिंतीची रेघ आखायला, आणि ती रेघ ताईच्या शिवणाच्या टेबलावरून जात होती.

ताईचं काय, हेही ठरलं होतं. सहा महिने मोठ्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. बाबा गेल्यापासून भाऊ एकमेकांशी थेट बोलत नसत, त्यामुळे ठरलं तेही ताईच्याच तोंडून. "ताई, त्याला सांग, पहिले सहा महिने तू माझ्याकडे." "ताई, त्याला सांग, चालेल." ताईने स्वतःचीच वाटणी निरोप्यासारखी इकडून तिकडे पोचवली होती. तुला काय हवंय, हे विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी तिने काय सांगितलं असतं, देव जाणे. टेबलावरून जाणारी ती भिंत आपल्याला खुपतेय, एवढंच तिला कळत होतं.

दुपारी सगळे तिच्या खोलीत जमले. टेबलावर थोर ग्रंथ होता.

या ग्रंथाची तऱ्हा सांगायला हवी. घराण्यात जो कारखान्याचा धनी होई, तो आपल्या हाताने थोर ग्रंथाची नवी बांधणी करी. पणजोबांनी केली, आजोबांनी केली, बाबांनी तर अशी केली की बघणाऱ्याने बोट तोंडात घालावं. गर्द तांबडं कातडं, कोपऱ्यांना पितळ, पाठीवर सोन्याची वेल. आणि शिवण अशी ओढून घट्ट, सरस असा जाड, की ग्रंथ उघडायचा म्हटलं तर पहिलं पान कसंबसं उघडे आणि पुढे दोन्ही हातांनी जोर लावला तरी ढिम्म. पण जोर लावतंय कोण? या घरात वाचायची चालच नव्हती. पणजोबा एकदा म्हणे बांधता बांधता कुठलीशी दुःखी गोष्ट वाचत बसले, रडले, आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे शेवटची जुजं उलटी शिवून बसले. गिऱ्हाईकाने ते पुस्तक भर गल्लीत त्यांना परत केलं. तेव्हापासून कारखान्याचा कायदा: शाई बघायची नाही, कडा बघायच्या. पोरासोरांना पानांचे आकडे शिकवले जात, मजकूर गिऱ्हाईकाचा. चार पिढ्या पुस्तकांत लोळल्या आणि कोरड्या उठल्या.

"काका, सुरुवात करू ना?" मोठ्याने विचारलं.

पाठककाका खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. गल्लीच्या टोकाला प्रार्थनाघर आहे, तिथे रोज याच ग्रंथाचा पाठ म्हणतात म्हणून पाठककाका. ग्रंथाचे दोन खंड करायचे तर साक्षीला जाणतं माणूस हवं, असं दोघी जावांचं म्हणणं पडलं होतं. एरवी मोठी नि धाकटी यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण या बाबतीत दोघींना सारखीच धास्ती वाटत होती.

"मी आधी एक विचारते," मोठी म्हणाली. "काका, हे असं फाडायचं, म्हणजे चालतं ना?"

"फाडायचं नाही गं," मोठा म्हणाला. "सोडवायचं. सोडवणं वेगळं."

"काका, ग्रंथातच कुठे लिहिलं असेल ना, करू नये असं?" धाकटीने विचारलं.

पाठककाकांनी घसा साफ केला. बिचारे खोटं बोलणारे नव्हते. "असेल," ते म्हणाले. "किंवा नसेलही. मला पहिलं पान येतं."

"आणि पुढचं?"

"पुढचं कसं येणार? प्रार्थनाघरातला ग्रंथही तुमच्याच सासऱ्यांनी बांधलाय. काय देखणा बांधलाय. उघडतच नाही."

धाकटा छताकडे बघू लागला. एवढी गल्ली, एवढे लोक सकाळ-संध्याकाळ त्या प्रार्थनाघरात जातात, आणि दोन पिढ्या सगळे मिळून एकच पान म्हणताहेत, यात आपल्या घराण्याचा हात असेल हे ताईच्या कधी मनातही आलं नव्हतं. चांगलं बांधणं म्हणजे घट्ट बांधणं, एवढंच त्यांना माहीत होतं.

"आधी कान घडला, मग शब्द," पाठककाका सवयीने पुटपुटले. पहिल्या पानाची पहिली ओळ. सगळ्यांचे ओठ आपोआप हलले.

"ताई, त्याला सांग, तिकडून धर म्हणावं," मोठा म्हणाला.

धाकट्याने निरोपाची वाट न बघता धरलं. मोठ्याने पात्याने कातड्याची कड सोडवली. बाबांचं तांबडं कातडं सुटलं तेव्हा दोघांचेही हात थबकले. त्याच्याखाली आजोबांचं हिरवं निघालं, त्याच्याखाली पणजोबांचं काळं, पार तुकडे झालेलं. कुणीच कुणाचं काढून टाकलं नव्हतं, सगळ्यांनी वरून चढवलं होतं. ताईने पाठीवर ओली खळ फासली, सरस फुगायची वाट बघितली, आणि मग दोरे कापत एकेक जुज मोकळं करू लागली. जुजं दमट होती, म्हणून खोलीभर दोऱ्या बांधल्या होत्या. मोकळं झालेलं जुज दोरीवर पालथं टाकायचं. अर्धी उजव्या दाराच्या बाजूला, मोठ्याची. अर्धी डाव्या दाराच्या बाजूला, धाकट्याची. कुठे तोडायचं हे मोठ्याने जाडी बघून ठरवलं होतं. त्याच्या हाताचा अंदाज केसाएवढाही चुकत नसे.

दुपार उतरू लागली. गल्लीकडच्या दारातून ऊन आत आलं आणि दोऱ्यांवरच्या पानांत अडकून राहिलं. खोलीत कागदांच्याच भिंती झाल्या. पलीकडे कोण उभं आहे हे नुसत्या सावलीवरून ओळखायचं. ओल्या कागदाला एक वास असतो, जुन्या धान्यासारखा, गोडसर. ताई त्या वासात वाढली होती, पण आज तो तिला पहिल्यांदाच आल्यासारखा वाटला. कुठून तरी वारा येई आणि सगळी पानं एकदम हलत, सावकाश, झोपेत कूस बदलावी तशी. ती हात कोरडे करत मधोमध उभी राहिली. इथेच भिंत येणार. उजवीकडे शेवटचं जुज, डावीकडे पहिलं, आणि मध्ये ती.

पाठककाकांना काहीच काम नव्हतं. ते हात पाठीमागे बांधून दोऱ्यांमधून फिरत होते, आणि वाचणं हा माणसाचा पेशाच असल्यावर डोळ्यांना आवरणार कसं? उजव्या बाजूच्या शेवटच्या पानापाशी ते थांबले आणि प्रार्थनाघरातल्या आवाजात वाचू लागले.

"विहीर कुणाची, हे ज्यांनी खणली त्यांना विचारू नका, ते फावड्याचं बोलतील. ज्यांची जमीन आहे त्यांना विचारू नका. ते बांधाचं बोलतील. जी रोज पाणी ओढते तिला..."

ते थांबले.

"तिला काय?" मोठी कागदांच्या पलीकडून म्हणाली.

"पान संपलं."

"तिला काय, पण?"

"पुढचं त्यांच्या बाजूला असणार," काकांनी डावीकडे बोट केलं.

मोठा खोलीच्या उजव्या कोपऱ्यात पाती पुसत होता. तो पुसायचा थांबला. जाडीचा हिशेब बिनचूक होता, पण वाक्य मध्येच तुटलं होतं. "ताई," तो म्हणाला, "त्याला सांग, पहिलं जुज बघ म्हणावं."

"ताई, त्याला सांग," धाकटा डावीकडून म्हणाला, "ते माझ्या वाटणीचं आहे. हवं तर मागावं सरळ."

ताईने कुणालाच काही सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने निरोप पोचवला नाही. तिला ते वाक्य पुरं ऐकायचं होतं.

"अहो, वाचा ना," धाकटी नवऱ्याला म्हणाली. "माझा जीव टांगणीला लागलाय."

धाकटा पानापाशी गेला. आयुष्यभर याने पुस्तकांच्या पाठीवर सोन्याची अक्षरं उमटवली, आणि पोटातली शाई आज पहिल्यांदा बघत होता. अडखळत, एकेक शब्द सोडवत तो वाचू लागला.

"...विचारा, कारण विहिरीची खोली तिच्या हातांना ठाऊक आहे."

वाऱ्याने पानं हलली आणि पुन्हा स्थिर झाली. कुणी ताईकडे बघितलं नाही, पण सगळे तिच्याकडे बघायचं टाळताहेत हे तिला कागदांआडूनही कळलं. तिने आपले हात पदराखाली घेतले. दोऱ्याने बोटांना पडलेल्या चिरा तिला एकाएकी उघड्यावर पडल्यासारख्या वाटल्या.

"पुढे?" मोठा म्हणाला. ताईमार्फत नाही. नुसतंच, हवेत.

धाकटा पुढे वाचू लागला. पान संपलं तसं त्याने जुज दोरीवरून उतरवलं आणि आतली पानं उलगडली. मग धाकटी म्हणाली, विहिरीच्या आधी काय होतं तेही हवं, म्हणून मोठीने उजवीकडचं एक उतरवलं. दोघी जावा एकाच पानावर वाकल्या. "हा शब्द काय गं?" "हं, 'उसवणं' आहे." "असं लिहितात होय?" काका खुर्ची सोडून जमिनीवर बसले. ज्याला जे हाताला लागलं ते तो वाचत होता, मग थांबून दुसऱ्याचं ऐकत होता, आणि आवाज कागदांमधून असे वाट काढत येत होते की कुणाचा कुठला ते कळू नये.

"जो दिवा स्वतःपुरता लावतो, त्याच्याही घरात कोपरे उरतात."

"थांबा, हे ऐका," मोठी म्हणाली. "दमलेल्याला उठवू नका, त्याच्या शेजारी बसा. त्याला हाक मारू नका; हाकेला उत्तर देणंही काम आहे."

मोठ्याने हातातलं पातं खाली ठेवलं. बाबा गेल्यापासून हा माणूस एकदाही बसलेला कुणी पाहिला नव्हता. तो आता भिंतीला टेकून खाली बसला, आणि मोठी वाचता वाचता जाऊन त्याच्या शेजारी बसली.

गल्लीतून जाणारा किल्लीवाला दारात थबकला. प्रार्थनाघराचा आवाज इथे कसा, म्हणून आत डोकावला आणि उंबऱ्यापाशी चपला काढून उभा राहिला. त्याच्यामागून समोरची शिंपीण आली, हातातली सुई तशीच धरून. "काय चाललंय?" तिने कुजबुजत विचारलं. "पुढचं आहे," किल्लीवाला म्हणाला. "पहिल्या पानाच्या पुढचं." शिंपीण तिथेच उंबऱ्यावर टेकली. आणखी दोघं-तिघं आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. उन्हाचा रंग पिकत पिकत मधासारखा झाला, आणि त्यात बसलेली माणसं ताईला ओळखीची असूनही नवी दिसू लागली.

पाठककाका मान खाली घालून बसले होते. शिंपिणीने विचारलं, "बरं वाटत नाही का, काका?"

"बरं वाटतंय," ते म्हणाले. "जन्मभर दारातच उभा राहून घराचं वर्णन करत होतो गं मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा." मग ताईकडे वळून, "आमच्या तिकडचाही ग्रंथ सोडवून दे बाई. आणि पुन्हा शिवशील तेव्हा सैल शिव. उघडू दे. देखणा नको."

"सैल शिवला तर झिजेल, काका," ताई म्हणाली.

"झिजू दे. झिजायला हवा."

धाकट्याचा आवाज मध्येच बदलला म्हणून ताईने वळून बघितलं. तो एका पानापाशी उभा होता आणि ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तिने जवळ जाऊन त्याच्या खांद्यावरून वाचलं. "गेलेल्यांसाठी रडा. पण त्यांचा राग उचलून घरी आणू नका. तो त्यांच्याबरोबर जाऊ द्या, त्यांनाच तो जड झाला होता." बाबा जाताना दोघा मुलांना वेगवेगळं बोलावून रागाच्या भरात एकमेकांबद्दल काय काय म्हणाले होते, ते या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी काढत नसे. ताईने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तेच पान दोरीवरून काढून उजव्या कोपऱ्यात नेलं आणि मोठ्याच्या मांडीवर ठेवलं. हाही निरोपच होता, पण दोघांपैकी कुणी पाठवलेला नव्हता.

मोठ्याने वाचलं. बराच वेळ वाचलं, चार ओळींना लागू नये एवढा वेळ. मग त्याने डोळे पुसले, आणि पणजोबांच्या कायद्याची आठवण येऊन की काय, पान घाईघाईने बाजूला धरलं, भिजू नये म्हणून.

तेवढ्यात गवंडी आला.

दारात एवढी माणसं बघून त्याला वाटलं, घरात काही बरंवाईट झालं. तो हळूच आत आला, दोरीचं बंडल छातीशी धरून. शिंपिणीने त्याला बसायची खूण केली. तो बसला नाही, पण पुढचं पान संपेपर्यंत उभा राहिला, आणि त्याच्यापुढचंही. मग त्याला आपलं काम आठवलं.

"रेघ आखायची होती," तो दबक्या आवाजात म्हणाला. "भिंत कुठून घेऊ?"

मोठ्याने धाकट्याकडे बघितलं. धाकटा त्याच्याकडेच बघत होता. वर्षभरात नजरेला नजर भिडली नव्हती, आणि आता भिडली तर दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचेना.

"तिला विचार," शेवटी मोठा म्हणाला.

"हो," धाकटा म्हणाला. "तिला विचार. ताई, तुला काय हवंय?"

ताईला वाटलं होतं, असं कधी कुणी विचारलं तर आपल्या तोंडून शब्द फुटणार नाही. आधी रडू आलं, आणि ते तिने येऊ दिलं. मग तिने नाक पुसलं.

"कारखाना वाटा," ती म्हणाली. "तुमचं दोघांचं एका छताखाली जमायचं नाही, ते मला तुमच्यापेक्षा आधीपासून माहीत आहे. पण मी कुणाच्या वाट्याला येणार नाही. सहा महिने इकडे नाही आणि तिकडेही नाही. ही खोली माझी. अख्खी. ग्रंथ इथेच राहील. आता शिवायचा नाही, सगळ्यांचा वाचून होईपर्यंत मोकळा राहू दे. मग मी एकच शिवीन, सैल. तुमचं शिवणही करीन, दोघांचं, पण माझ्या टेबलावर, आणि काम सांगायला तुम्ही यायचं. निरोप नाही पाठवायचे. मी निरोप सांगायचं आजपासून सोडलंय."

गवंडी गोंधळला. "मग भिंत?"

"दोन घाला. फळ्यांच्या जागी. एक या बाजूला, एक त्या बाजूला."

"आत्ताच्या दारांचं?"

"दारं आहेत तिथेच राहतील. आणि त्यांना कड्या माझ्या बाजूने लावा."

मोठ्या भावजयीला हसू फुटलं, धाकटीलाही, आणि ते दाबण्यासाठी दोघींनी एकमेकींचा हात धरला. मोठा मान हलवत राहिला, हो म्हणून की कशी ही म्हणून, ते त्याचं त्याला माहीत. धाकटा म्हणाला, "कडी लावून घेतलीस तर?"

"वाजवायची," ताई म्हणाली. "मी आतच असते."

गवंड्याने दोरी खाली ठेवली. रेघ उद्याही आखता येईल, असं काहीसं पुटपुटत तो शिंपिणीच्या शेजारी बसला. कुणीतरी दिवा आणला. दोऱ्यांवर अजून कितीतरी जुजं होती, आणि कुणालाही उठायची घाई नव्हती. मोठ्याने हातातलं पान दिव्याजवळ धरलं, डोळे बारीक केले, आणि तसंच ते धाकट्यापुढे केलं.

"मला आता दिसत नाही," तो त्याला म्हणाला. "वाच तू."

धाकट्याने पान घेतलं. वाचलं नाही. ताईपुढे धरलं. "आम्ही सगळ्यांनी वाचलं," तो म्हणाला. "तुझं राहिलंय."

तिने पान घेतलं. या ग्रंथाच्या घरात तिचा जन्म गेला होता, आणि यातली एकही ओळ तिने मोठ्याने उच्चारली नव्हती. दिवा जमिनीवर होता, त्याच्या दोन्ही बाजूंना भाऊ, आणि मध्ये वीतभर जागा.

"सरका," ताई म्हणाली.

ते सरकले. ती दोघांच्या मध्ये बसली आणि वाचू लागली.